आभा क्रमांक पाच मिनिटांत निघतो, मग रिपोर्ट का दिसत नाहीत? मुंबईतल्या रुग्णांसाठी अर्जापासून जोडणीपर्यंत

रक्तातलं क्रिएटिनिन १.६. एवढा एकच आकडा समोर असेल तर डॉक्टरांनाही अंदाजावर चालावं लागतं. हा आकडा तीन वर्षं १.५-१.६ च्या आसपासच असेल तर मूत्रपिंडाचा जुना, संथ आजार. तीन महिन्यांपूर्वी ०.९ असेल तर मामला तातडीचा. उत्तर मागच्या रिपोर्टात असतं, आणि मागचा रिपोर्ट गावी कपाटात, नाहीतर आधीच्या दवाखान्याच्या फायलीत. मग तीच तपासणी पुन्हा होते. एचबीएवनसी साधारण मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते. पंधरा दिवसांत ती दुसऱ्यांदा केली तर पैसे जातात, नवं काही कळत नाही.

हे कागद एकमेकांना जोडण्यासाठी सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण ते चालवतं. त्यात रुग्णाच्या वाट्याला येतो तो आभा, म्हणजे ‘आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट’: १४ आकडी क्रमांक आणि त्यासोबतचा एक आभा पत्ता, जो यूपीआय आयडीसारखा दिसतो आणि ज्याच्या शेवटी ‘ॲट एबीडीएम’ असतं.

आधी एक घोटाळा निस्तरू. आभा म्हणजे ‘आयुष्मान कार्ड’ नव्हे. वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार देणारी प्रधानमंत्री जन आरोग्य योजना वेगळी, तिचे पात्रतेचे निकष वेगळे, कार्ड वेगळं. महात्मा फुले जन आरोग्य योजनाही वेगळी. आभा दाखवून बिल एक रुपयानेही कमी होत नाही. दोन्ही कार्डांवर ‘आयुष्मान’ लिहिलेलं असल्यामुळे रुग्णालयात आभा पुढे करणारे नातेवाईक रोज दिसतात, आणि त्यात त्यांची चूक कमी, नाव ठेवणाऱ्यांची जास्त.

पात्रता आणि कागदपत्रं

उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाचा रंग विचारत नाहीत, वयाची मर्यादा नाही. लहान मुलाच्या आधारला पालकांचा मोबाईल जोडलेला असेल तर त्याचाही क्रमांक काढता येतो. शुल्क शून्य. झेरॉक्सच्या दुकानात प्लास्टिकचं कार्ड करून देण्याचे पैसे घेतात, पण ते छपाईचे. फोनमधलं कार्ड किंवा कागदावर लिहिलेला क्रमांक तेवढंच काम करतो. आभा ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

लागतं काय, तर आधार क्रमांक आणि आधारशी जोडलेला मोबाईल हातात. आधार द्यायचं नसेल तर वाहन चालवण्याच्या परवान्यावरूनही सुरुवात होते. तेव्हा परवान्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो चढवावे लागतात आणि आधी फक्त नोंदणी क्रमांक मिळतो. योजनेत सहभागी असलेल्या आरोग्य केंद्रात जाऊन ओळख पटवली की मग तो पक्का होतो. मुंबईच्या धावपळीत ही जास्तीची फेरी बहुतेकांच्या हातून राहून जाते. आधार असेल तर तोच रस्ता धरा.

अर्ज भरताना

आभा डॉट एबीडीएम डॉट गव्ह डॉट इन हे संकेतस्थळ उघडा किंवा सरकारी आभा ॲप घ्या. नवा क्रमांक काढण्याआधी आधार टाकून लॉगिन करून बघा. २०२१ मध्ये करोनाच्या लसीकरणाला आधार दाखवलेल्या अनेकांचा आरोग्य क्रमांक तेव्हाच तयार झाला आहे, आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही.

नवीन काढायचा तर आधार क्रमांक टाका, संमतीचा मजकूर वाचून खूण करा, कॅप्चा भरा, आधारच्या मोबाईलवर आलेला ओटीपी टाका. पुढे संपर्कासाठी मोबाईल विचारतात. तो आधारच्या नंबरपेक्षा वेगळा असला तरी चालतो, फक्त त्यावरही ओटीपी येतो. ईमेल सोडून दिला तरी अडत नाही. शेवटी आभा पत्ता निवडायचा: ८ ते १८ अक्षरं, मध्ये एखादा टिंब किंवा अंडरस्कोर चालतो, सुरुवातीला आणि शेवटी नाही. कार्ड उतरवून घ्या.

ओटीपी आलाच नाही तर बहुतेक वेळा आधारला जुना, बंद पडलेला नंबर असतो. तो आधी आधारमध्ये बदलून घ्या. आधार सेवा केंद्रात जाऊन तो बदलता येतो.

खरं काम इथून पुढे

क्रमांक निघाला म्हणजे आत रिपोर्ट आले असं होत नाही. सरकारकडे सगळ्यांच्या रिपोर्टांची एक मोठी फाईल आहे हा समज चुकीचा आहे. रिपोर्ट त्या त्या रुग्णालयाच्या किंवा लॅबच्या संगणकातच राहतात. आभा फक्त ‘हा माणूस तोच’ असा धागा जोडतो. त्यामुळे ॲप रिकामं दिसलं तर क्रमांकात बिघाड नसतो, धागा जोडलेला नसतो.

जोडणी दोन प्रकारे होते. केस पेपर काढतानाच खिडकीवर आभा सांगितला तर त्या भेटीच्या नोंदी थेट जोडता येतात. दुसरा मार्ग ॲपमधून: रुग्णालयाचं नाव शोधायचं, ‘माझ्या नोंदी शोधा’ म्हणायचं, ओटीपी द्यायचा. तेव्हा रुग्णालयाचा संगणक मोबाईल नंबर, नाव, लिंग आणि जन्मसाल ताडून बघतो. सगळी गंमत इथे होते.

समजा आधारवर नाव ‘सुनंदा’, पुढे सासरचं आडनाव. सहा वर्षांपूर्वीच्या केस पेपरवर ‘सुनंदाबाई’, आडनाव माहेरचं. वय विचारलं तेव्हा सोबत आलेल्या भाच्याने ‘पन्नास असेल’ म्हणून सांगितलं. आधारप्रमाणे तेव्हा ५७ होतं. मोबाईल त्याच भाच्याचा. लिंग सोडून बाकी तिन्ही रकाने चुकले. संगणक म्हणतो, नोंद सापडली नाही, आणि घरचे म्हणतात, आभा बोगस आहे.

उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. केस पेपर काढताना आधार पुढे ठेवा आणि स्पेलिंग त्यावरूनच टाकायला सांगा. वय अंदाजाने सांगू नका, जन्मसाल सांगा. मोबाईल रुग्णाचा किंवा घरात कायम राहणाऱ्या एकाचाच द्या, दर वेळी सोबत आलेल्याचा नको. छापून आलेला कागद खिडकीवरून हलण्याआधी वाचा. मागे रांग कुरकुरते, कुरकुरू द्या. जुन्या नोंदीतली चूक त्या रुग्णालयाच्या नोंदणी विभागातच दुरुस्त होते, ॲपमधून नाही. चूक आधारमध्येच असेल तर आधी आधार दुरुस्त करून मग आभाच्या पानावर पुन्हा केवायसी करायचं.

आणखी एक चूक वरचेवर होते. एका फोनवर सरकारी ॲप, दुसऱ्यावर खासगी, आणि दोन्हीकडे वेगवेगळे आभा पत्ते. एका क्रमांकाला अनेक पत्ते चालतात, पण नोंदी ज्या पत्त्याला जोडल्या त्याच पत्त्याखाली दिसतात. एकच ठेवा.

ज्या लॅबचा संगणक या जाळ्यात नाही, तिचे रिपोर्ट आपोआप येणार नाहीत. गल्लीतल्या दवाखान्याची हाताने लिहिलेली चिठ्ठी तर नाहीच. अशा कागदांचे फोटो स्वतः ॲपमध्ये चढवता येतात. डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची यादी आणि कशाची ॲलर्जी आहे तो कागद, एवढे तीन आधी चढवा, बाकीचे सवडीने.

संमती देताना काय बघायचं

डॉक्टरांनी नोंदी मागितल्या की ॲपवर विनंती येते. कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या प्रकारच्या नोंदी, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि परवानगी कधी संपणार, हे सगळं त्यात असतं. बहुतेक जण न वाचता ‘मंजूर’ दाबतात. गुडघ्याच्या डॉक्टरांना दहा वर्षांपूर्वीचे मानसोपचारांचे कागद दाखवायची गरज नसेल तर मंजुरीआधी कालावधी आणि प्रकार कमी करता येतात. दिलेली संमती मागेही घेता येते, पण त्याआधी डॉक्टरांनी जे वाचलं ते वाचलं.

ओपीडीच्या रांगेत

काही रुग्णालयांत नोंदणी खिडकीजवळ आभाचा क्यूआर लावलेला असतो. तो ॲपने स्कॅन करून माहिती पाठवली की टोकन नंबर मिळतो आणि नाव, वय, पत्ता पुन्हा सांगावा लागत नाही. नावाची गफलत टाळायलाही हा सगळ्यात सोपा मार्ग, कारण माहिती थेट आभातून जाते. टोकनची मुदत थोडी असते, म्हणून ट्रेनमध्ये बसून नव्हे, रुग्णालयात पोचल्यावर स्कॅन करा. हे टोकन केस पेपरच्या खिडकीचं आहे, डॉक्टरांच्या दाराचं नाही. केस पेपरचे पैसे असतील तर ते खिडकीवरच भरायचे.

नको वाटला तर आभा तात्पुरता बंद करता येतो किंवा कायमचा काढून टाकता येतो. दोन्ही पर्याय लॉगिननंतर प्रोफाईलमध्ये आहेत. कायमचा काढलेला क्रमांक परत मिळत नाही, मात्र रुग्णालयाच्या स्वतःच्या संगणकातली तुमची नोंद त्याने पुसली जात नाही. अडलं तर १८००-११-४४७७ हा मोफत क्रमांक आहे. फोन करताना आभा क्रमांक जवळ ठेवा. ओटीपी मात्र कुणी मागितला तरी फोनवर सांगू नका.