चिनी महाकाय सॅलमँडर : स्लायगोई या नावाचा गुंता

२०१८ पर्यंत हिशेब सोपा होता. चीनमधल्या नद्यांत महाकाय सॅलमँडर (सरड्यासारखा दिसणारा, पाण्यात राहणारा उभयचर प्राणी) एकच आणि त्याचे शास्त्रीय नाव आंद्रियास डेव्हिडियानस. त्या वर्षीच्या जनुकीय अभ्यासात किमान पाच वेगळ्या शाखा निघाल्या. मग एवढे दिवस एकाच नावाने आपण नेमके कोणाकोणाला हाक मारत होतो, हे शोधण्यासाठी संग्रहालयांतले जुने नमुने पुन्हा बाहेर काढावे लागले.

‘आंद्रियास’ची कथा अनेकांनी ऐकली असेल. १७२६ मध्ये एका स्विस अभ्यासकाने जीवाश्मरूप सांगाडा बायबलमधल्या महापुरात बुडालेल्या माणसाचा म्हणून छापला. १८११ मध्ये नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या संग्रहालयात तो दगड आणखी कोरल्यावर आत सॅलमँडर निघाला. पुढे त्याला दिलेल्या ‘आंद्रियास’ या नावाचा अर्थ मात्र ‘मानवप्रतिमा’. जिवंत महाकाय सॅलमँडर दीर्घकाळ ‘मेगालोबॅट्राकस’ या नावाने वेगळे नांदत होते. १९५८ मध्ये दोन्ही एकच ठरले आणि जीवाश्माचे नाव जिवंतांना चिकटले. ‘डेव्हिडियानस’ हे १८७१चे, एका फ्रेंच धर्मप्रसारकाच्या सन्मानार्थ.

खरा गुंता १९२४चा. हाँगकाँगच्या वनस्पती उद्यानात सापडलेला एक मोठा प्राणी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोहोचला. तिथल्या अभ्यासकाला तो निराळा वाटला आणि आयर्लंडमधल्या एका उमरावाच्या किताबावरून त्याने नाव दिले ‘स्लायगोई’. पण महाकाय सॅलमँडर हाँगकाँगचा रहिवासीच नाही. हा बहुधा खाण्यासाठी मुख्य भूमीवरून आलेला. कोणत्या नदीतून, याची नोंद नाही. पुढच्या अभ्यासकांनी नाव बाद करून प्राणी डेव्हिडियानसमध्ये मिळवून टाकला. कोणी फारशी हळहळही केली नाही.

(मराठीत आणखी एक पेच आहे. विश्वकोशाच्या परिभाषेत ‘प्रजाती’ म्हणजे वरची पातळी, आंद्रियासची. ‘जाती’ म्हणजे खालची, स्लायगोईची. वर्तमानपत्रे मात्र खालच्या पातळीलाच ‘प्रजाती’ म्हणतात. इथे ‘जाती’ हा शब्द विश्वकोशाच्या अर्थाने घेतला आहे.)

२०१९ मध्ये १७ जुन्या संग्रहालयीन नमुन्यांचा जनुकीय अभ्यास झाला आणि त्यात तीन गट दिसले. ते एकमेकांपासून सुमारे ३१ ते २४ लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले असावेत असा अंदाज आहे. त्यांपैकी दक्षिणेकडच्या गटाला जुने, अडगळीत पडलेले ‘स्लायगोई’ हेच नाव देण्यात आले. नियम असाच आहे: पडून असलेले योग्य नाव मिळाले तर नवे घडवायचे नाही. शास्त्रीय नाव प्राण्यांच्या समूहाला नव्हे, एका विशिष्ट नमुन्याला बांधलेले असते. मग तो नमुना बाजारातून आलेला असो, त्याच्या नदीचा पत्ता असो वा नसो. नियमाने निर्णय बरोबर असेल. पण इतक्या गोष्टी कळलेल्या असताना इतक्या भटक्या नमुन्यावर दक्षिणेतल्या सगळ्या प्राण्यांचे नाव टांगणे मला तरी डळमळीत वाटते.

आणि जिवंत प्राण्यांवरून हे तपासणेही सोपे राहिलेले नाही. मांसासाठी पाळलेले प्राणी दूरदूरच्या प्रांतांत नेले गेले, नद्यांत सोडले गेले, एकमेकांत मिसळले. १६ प्रांतांतल्या ९७ ठिकाणी केलेल्या सर्वेक्षणात फक्त चार ठिकाणी सॅलमँडर आढळले आणि तेही बहुधा पाळीव वंशाचे. म्हणूनच जुन्या बरण्यांतल्या नमुन्यांना एवढी किंमत आली.

२०२२ मध्ये जिआंगशी प्रांतातल्या वन्य प्राण्यांवरून ‘जिआंगशिएन्सिस’ ही जाती आली, २०२३ मध्ये हुआंगशान भागातून आणखी एक. आणि २०२४ मध्ये जनुकीय चाचणीत स्लायगोईचे दोन जिवंत नर सापडले, तेही जपानमध्ये, बंदिस्त अवस्थेत. चिनी सॅलमँडर तिथे १९७२ मध्ये खाण्यासाठीच आयात केले गेले होते.