स्पीडवेचा विश्वविजेता: एका रात्रीचा आणि एका मोसमाचा

स्पीडवे या मोटरसायकल शर्यतींच्या खेळातल्या जगज्जेत्यांची यादी 1936 पासून एकाच रांगेत छापतात आणि तिथेच घोळ होतो. 1994 पर्यंतचे विजेते ‘वर्ल्ड फायनल’मधून ठरले, 1995 पासूनचे ‘स्पीडवे ग्रां प्री’ मालिकेतून. किताब एकच असला, तरी तो मिळवायची रीत मुळापासून वेगळी आहे. (या ग्रां प्रीचा मोटोजीपीशी काही संबंध नाही.)

खेळ मात्र दोन्हीकडे तोच. 500 सीसीची एका सिलिंडरची, मिथेनॉलवर चालणारी गाडी. तिला ब्रेक नाहीत आणि गिअरही एकच. एका शर्यतीत, म्हणजे हीटमध्ये, चार जण, ट्रॅकला चार चकरा, घड्याळाच्या उलट दिशेने. वळणावर मागचं चाक बाहेर फेकत, हँडल उलटं धरून गाडी घसरवत न्यायची. हीट जेमतेम मिनिटभराची असते, त्यामुळे सुरुवातीची फीत वर गेल्यावर पहिल्या वळणात कोण पुढे घुसतो यावर निम्मा निकाल लागतो. पहिल्याला 3 गुण, मग 2, 1 आणि शेवटच्याला शून्य.

वर्ल्ड फायनलमध्ये 16 रायडर आणि 20 हीट असत. प्रत्येकाच्या वाट्याला पाच हीट, म्हणजे जास्तीत जास्त 15 गुण. तिथवर पोहोचायला पात्रता फेऱ्यांची चाळण होतीच, पण त्या रात्री क्लच घसरला किंवा पहिल्या वळणात कुणी धडकलं, तर अख्खं वर्ष वाया. 1936 च्या पहिल्या फायनलला वेम्बलीत मात्र आधीच्या फेऱ्यांचे बोनस गुणही धरले होते. ऑस्ट्रेलियाचा ब्लुई विल्किन्सन पाचही हीट जिंकला, तरी बोनस कमी पडल्याने तिसरा आला. लायनेल व्हॅन प्राग आणि एरिक लँग्टन बरोबरीत राहिले, आणि त्यांच्यातली जादा हीट जिंकून व्हॅन प्राग पहिला जगज्जेता ठरला. विल्किन्सनला किताब मिळाला तो 1938 मध्ये.

एका रात्रीचा खेळ काय करू शकतो हे पाहायचं, तर 1973 ची पोलंडमधल्या खोझुफची फायनल बघावी. लाखावर प्रेक्षक होते. पोलंडच्या येझी श्चाकिएलला दोन वर्षांपूर्वीच्या गोथेनबर्ग फायनलमध्ये एकही गुण मिळाला नव्हता. इथे त्याचे आणि न्यूझीलंडच्या आयव्हन मॉगरचे प्रत्येकी 13 गुण झाले. निर्णायक हीटमध्ये मॉगर पडला आणि श्चाकिएल पोलंडचा पहिला विश्वविजेता झाला. त्याला तो मान पुन्हा कधी मिळाला नाही. तरीही त्या विजयाला नशिबाचा म्हणून बाजूला सारणं मला अन्यायाचं वाटतं. घरच्या प्रेक्षकांसमोर, तेव्हाच्या सर्वांत मोठ्या रायडरशी शेवटची हीट खेळताना तो न पडता गाडीवर टिकून राहिला, हेही कौशल्यच.

ग्रां प्रीचा हिशेब वेगळा. मोसमात अनेक शहरांत फेऱ्या होतात आणि त्यांच्या गुणांची बेरीज धरतात. गोंधळ वाढतो तो इथे, कारण प्रत्येक फेरी दिसते जुन्या फायनलसारखीच: तेच 16 जण, त्याच 20 हीट, आणि वर बाद फेरी नि अंतिम शर्यत. पण त्या रात्री जिंकणारा फक्त त्या फेरीचा विजेता. 2023 मध्ये पोलंडच्याच बार्तोश झ्मार्झलिकला डेन्मार्कमधल्या व्हॉयेन्सच्या फेरीतून बाहेर काढलं, कारण सरावात त्याने नियमबाह्य रेसिंग सूट घातला होता. फेरीचे गुण शून्य. दुसऱ्या क्रमांकावरच्या फ्रेडरिक लिंडग्रेनवरची त्याची 24 गुणांची आघाडी 6 वर आली. जुन्या पद्धतीत एवढ्यावर सगळं संपलं असतं. इथे तोरुनची पुढची फेरी शिल्लक होती आणि तिथे त्याने किताब राखला.

सर्वोत्तम रायडर शोधायला मालिकाच बरी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण किताबांची नुसती संख्या मांडून तुलना करू नये. मॉगरचे सहाही किताब एकेका रात्रीचे, झ्मार्झलिकचे सहाही मालिकेचे. स्वीडनच्या टोनी रिकार्डसनचेही सहाच, पण त्यातला पहिला 1994 चा, म्हणजे व्हॉयेन्सच्या शेवटच्या वर्ल्ड फायनलचा: तिघांचे 12-12 गुण झाल्यावर जादा हीट जिंकून मिळवलेला. उरलेले पाच ग्रां प्रीचे. त्या तिघांतला एक होता डेन्मार्कचा हान्स नील्सन. त्याने आधी तीन वर्ल्ड फायनल जिंकल्या होत्या आणि पुढच्याच वर्षी पहिली ग्रां प्री मालिकाही घेतली. दोन्ही परीक्षांत पहिले आलेले हे दोघेच.