आघाडी मुंबईत, जोडण्या कोल्हापुरात

काँग्रेस आणि तिच्या डावीकडचे पक्ष यांची आघाडी हा विषय कोल्हापुरात निघाला की चर्चा हमखास १९९९ पासून सुरू होते. शरद पवारांनी १० जून १९९९ ला राष्ट्रवादी काढली, चारच महिन्यांत दोन्ही काँग्रेस पुन्हा सत्तेसाठी एकत्र आल्या, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण या जिल्ह्यातलं भांडण त्याहून पन्नास वर्षं जुनं आहे, आणि ते काँग्रेस आणि शेकाप यांच्यातलं आहे.

शेतकरी कामगार पक्ष मुळात काँग्रेसच्याच पोटातून निघाला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्याबरोबर कोल्हापुरातून माधवराव बागल होते. काँग्रेस शेटजी-भटजींच्या हातात गेली, बहुजनांचं तिथं काही चालत नाही, ही तक्रार शाहू महाराजांच्या गावात लगेच पटली. १९५० च्या दाभाडी प्रबंधानं पक्षाला मार्क्सवादी चौकट दिली. पुढं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शेकाप, समाजवादी आणि कम्युनिस्ट एका समितीत बसले. १९५७ ला कोल्हापूरची लोकसभेची जागा शेकापच्या भाऊसाहेब महागावकरांनी जिंकली. डाव्या पक्षांची एकी मतपेटीत उतरू शकते, याचा जिल्ह्याला आलेला हा पहिला मोठा अनुभव.

ही एकी मोडायला काँग्रेसला फार कष्ट पडले नाहीत. महाराष्ट्र राज्य झालं आणि यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं राजकारण सुरू झालं. साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ यांच्या खुर्च्या वाढत गेल्या, तसे शेकापचे कार्यकर्ते एकेक करून काँग्रेसच्या तंबूत गेले. उरलेले हटून राहिले. १९७७ च्या लाटेत दाजीबा देसाई कोल्हापुरातून शेकापचे खासदार झाले. १९७८ ला पवारांनी वसंतदादांचं सरकार पाडून पुलोद उभं केलं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार, त्यात शेकापचे एन. डी. पाटील सहकारमंत्री होते. एन. डी. हे पवारांच्या सख्ख्या बहिणीचे यजमान. नातं घट्ट, पक्ष वेगळे, आणि दोघांनीही दोन्ही शेवटपर्यंत निभावलं. १९९९ ला लोकशाही आघाडीचं सरकार आलं तेव्हा घटक पक्षांची मोट बांधायची जबाबदारी निमंत्रक म्हणून एन. डीं.कडेच आली. १९८५ ला ते कोल्हापूर शहरातून आमदार झाले होते. तत्त्वाला चिकटून राहिलेल्या माणसाला हे शहर मान देतं. मतं देतंच असं नाही.

त्याचा पुरावा टोलच्या आंदोलनात मिळाला. शहरातल्या रस्त्यांवर टोल बसवला तेव्हा एन. डी. आणि कम्युनिस्ट पक्षाचे गोविंद पानसरे यांच्या मागं सर्वपक्षीय कृती समिती उभी राहिली. पेठा, तालमी, व्यापारी, रिक्षावाले, सगळे रस्त्यावर आले आणि टोल गेला. पण त्या गर्दीतून शेकापला किंवा कम्युनिस्टांना नगरसेवकांची फळी काही मिळाली नाही. डाव्या-मध्यममार्गी राजकारणाची जागा तोवर दोन्ही काँग्रेसनी आपसात वाटून घेतली होती.

आता त्या दोघांच्या वाटाघाटीकडे. राज्य पातळीवर हिशेब सोपा असतो. १९९९ ला काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८, म्हणून मुख्यमंत्रिपद काँग्रेसला. २००४ ला राष्ट्रवादी ७१ आणि काँग्रेस ६९, तरी मुख्यमंत्री काँग्रेसचाच आणि राष्ट्रवादीला जादा मंत्रिपदं. कोल्हापुरात असा हिशेब बसत नाही, कारण इथं पक्षाच्या खाली गट असतो आणि गटाच्या खाली संस्था. मुंबईत जागा कुणाला सुटली याला इथं निम्मंच महत्त्व. ज्याला सुटली त्याच्यामुळं उद्या 'गोकुळ' या जिल्हा दूध संघात किंवा जिल्हा बँकेत कुणाचं वजन वाढेल, हे आधी बघितलं जातं.

२००९ ला राष्ट्रवादीनं विद्यमान खासदार सदाशिवराव मंडलिकांना डावलून संभाजीराजेंना उमेदवारी दिली. मंडलिक अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. २०१४ ला काँग्रेसच्या सतेज पाटलांनी आघाडीधर्म पाळून राष्ट्रवादीच्या धनंजय महाडिकांचं काम केलं, महाडिक खासदार झाले. त्याच वर्षी विधानसभेला महाडिकांच्याच घरातल्या अमल महाडिकांनी भाजपकडून लढून सतेज पाटलांचा पराभव केला. याचा वचपा २०१९ ला निघाला. धनंजय महाडिक पुन्हा आघाडीचे उमेदवार असताना सतेज पाटलांनी 'आमचं ठरलंय' म्हणत शिवसेनेच्या संजय मंडलिकांना उघड रसद पुरवली आणि महाडिक पडले. राज्यातल्या नेत्यांनी समजूत घालून बघितली. कोल्हापुरी ईर्षेपुढं ती समजूत कागदावरच राहिली.

महापालिकेत वेगळी रीत रुळली. लढताना स्वतंत्र, निकालानंतर एकत्र. २०१५ ला ८१ जागांत काँग्रेस २७ आणि राष्ट्रवादी १५, म्हणजे बेचाळीस. बहुमताला लागतात एक्केचाळीस. एका जागेच्या काठावरची ही सत्ता पाच वर्षं चालवायची तर प्रत्येक नगरसेवकाला काहीतरी द्यावं लागतं, म्हणून महापौरपद काही काही महिन्यांनी फिरत राहिलं. २०१८ ला स्थायी समिती सभापतीच्या निवडीत राष्ट्रवादीचेच दोन सदस्य फुटले आणि सभापतिपद भाजपकडे गेलं. माझं मत विचाराल तर ही रीत शहराच्या कामाला मारक होती. पण निदान प्रामाणिक होती. कुणाची ताकद किती हे मतदारांनी आधीच मोजून दिलेलं असायचं.

२०२४ ला लोकसभेची वाटाघाटी एका जागेपुरती उरलीच नाही. कोल्हापूरच्या राजघराण्यातल्या शाहू छत्रपतींसाठी ठाकरेंच्या शिवसेनेनं कोल्हापूरची जागा काँग्रेसला सोडली आणि बदल्यात शेजारच्या सांगलीवर हक्क सांगितला. कोल्हापुरात शाहू छत्रपती निवडून आले, सांगलीत काँग्रेसचे विशाल पाटील बंडखोरी करून अपक्ष जिंकले. हातकणंगल्यात शेतकरी नेते राजू शेट्टींना आघाडीचा पाठिंबा हवा होता, पण ठाकरेंच्या शिवसेनेच्या मशाल चिन्हावर लढायचं नव्हतं. बोलणी फिसकटली. शेट्टींनी पावणेदोन लाखांच्या पुढं मतं घेतली आणि शिंदे गटाचे धैर्यशील माने तेरा हजारांच्या आसपास मतांनी निवडून आले.

विधानसभेला कोल्हापूर उत्तरमध्ये तर अर्ज मागं घ्यायच्या शेवटच्या दिवसापर्यंत घोळ चालला. काँग्रेसनं आधी राजेश लाटकरांचं नाव जाहीर केलं, विरोध झाल्यावर ते बदलून शाहू छत्रपतींच्या सूनबाई मधुरिमाराजेंना उमेदवारी दिली. लाटकर अपक्ष म्हणून अडून राहिले. ४ नोव्हेंबरला मुदत संपता संपता मधुरिमाराजेंनी माघार घेतली आणि हाताचं चिन्ह मतदानयंत्रावरूनच गेलं. मग पक्षानं ज्यांचं नाव कापलं होतं त्या लाटकरांनाच पाठिंबा दिला. जिल्ह्यातल्या दहाही जागा महाविकास आघाडीच्या हातून गेल्या.

या सगळ्यात २०२५ पर्यंत टिकलेली युती एकच, आणि ती पक्षांची नव्हती. 'गोकुळ'ला मतदान करतात ते ठरावधारक. गावातल्या दूध संस्थेनं ठराव करून ज्याचं नाव पाठवलं तो एक मतदार, २०२१ ला असे साडेतीन हजारांच्या पुढं. माणसं नावानिशी ओळखीची, त्यामुळं सभांपेक्षा घरोघरच्या जोडण्यांना मोल. २०२१ ला सतेज पाटील आणि राष्ट्रवादीचे हसन मुश्रीफ यांच्या पॅनेलनं २१ पैकी १७ जागा जिंकून महाडिकांची सत्ता घालवली. विशेष म्हणजे समोरच्या पॅनेलमध्ये महाडिकांच्या जोडीला काँग्रेसचेच आमदार पी. एन. पाटील होते. २०२३ ला राष्ट्रवादी फुटली, मुश्रीफ अजित पवारांबरोबर गेले आणि महायुतीत मंत्री झाले, सतेज पाटील विरोधात राहिले. 'गोकुळ'मध्ये मात्र मे २०२५ ला अध्यक्षपदी मुश्रीफांचे चिरंजीव नविद यांची निवड झाली, ती सतेज पाटलांच्या गटाला बरोबर घेऊनच.