चारही पर्याय पास, मग निवड कशावर?

हे दशक संपायच्या आत माणूस चंद्रावर उतरवायचा आणि सुखरूप परत आणायचा, असं राष्ट्राध्यक्ष केनेडींनी २५ मे १९६१ रोजी अमेरिकी काँग्रेससमोर जाहीर करून टाकलं. जायचं कसं, हे तेव्हा ठरलेलंच नव्हतं. ते ठरायला वर्षाहून जास्त काळ गेला.

नासासमोर मुख्य वाटा तीन होत्या. पहिली, अजस्र 'नोव्हा' रॉकेट बांधायचं आणि अख्खं यान थेट चंद्रावर उतरवायचं. दुसरी, दोन सॅटर्न रॉकेटं सोडायची, पृथ्वीभोवतीच्या कक्षेत त्यांची गाठ घालून द्यायची आणि मग पुढे निघायचं. तिसरी वाट नासाच्याच लँगली केंद्रातले अभियंते जॉन हूबोल्ट हट्टाने मांडत होते: मुख्य यान चंद्राभोवती फिरत ठेवायचं आणि फक्त एक हलकी उतरगाडी खाली पाठवायची. परतीचं इंधन, पृथ्वीच्या वातावरणात शिरताना लागणारं उष्णताकवच, पॅराशूट हे सगळं ओझं चंद्रावर उतरवून पुन्हा वर उचलायचंच कशाला? मग एकच सॅटर्न पुरतं. पण परतताना उतरगाडी आणि यान यांची गाठ पडली नाही, तर पृथ्वीपासून पावणेचार लाख किलोमीटरवर मदतीला कोण येणार? तोवर अवकाशात दोन यानांची भेट एकदाही घडवलेली नव्हती.

अशा वेळी 'सगळ्यात चांगला कोणता?' हा प्रश्न सरळ वाटतो, पण गणित त्याचं उत्तर देत नाही. वजन कमी करायला जावं तर जोखीम वाढते, जोखीम कमी करावी तर खर्च आणि वेळ वाढतो. जो पर्याय दुसऱ्या एखाद्या पर्यायापेक्षा कुठल्याच बाबतीत सरस नाही आणि एखाद्या बाबतीत त्याच्या मागे आहे, तो अभियंते सुरुवातीलाच काढून टाकतात. उरतात ते असे, की एका बाजूने सुधारले तर दुसऱ्या बाजूने बिघडतात. इटालियन अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेडो पारेटो यांच्या नावाने या उरलेल्यांच्या रांगेला 'पारेटो सीमा' म्हणतात. म्हणजे साहेबांच्या टेबलावर तोडीस तोड पर्याय येतात, ते खालच्या लोकांनी काम नीट केल्यामुळेच.

यावर कार्यालयांतला ठरलेला उपाय म्हणजे गुणतक्ता. समजा, 'अ' पर्यायाला खर्चात ८ आणि सुरक्षिततेत ६ गुण आहेत, 'ब'ला नेमके उलटे. खर्चाला ६० टक्के वजन, म्हणजे महत्त्व, दिलं आणि उरलेलं सुरक्षिततेला, तर अ ७.२ आणि ब ६.८. तेच वजन ४५ टक्क्यांवर आणलं की अ ६.९ आणि ब ७.१. पर्याय तेच, गुण तेच, पण निकाल फिरला. आणि ही टक्केवारी कुठून आली? बैठकीत कुणीतरी सुचवली म्हणून. उत्तर मनात धरून वजनं मागाहून बसवणारे महाभागही काही कमी नसतात. तक्ता निरुपयोगी नाही, पण दशांशाच्या फरकावर विजेता जाहीर करणं म्हणजे मोजपट्टीच्या जाडीपेक्षा लहान अंतर मोजणं. त्या फरकाचा खरा अर्थ एवढाच, की या निकषांवर बरोबरी आहे, आता दुसरे निकष शोधा.

७ जून १९६२ रोजी नासाच्या हंट्सव्हिलमधल्या मार्शल केंद्रात हेच घडलं. वेर्नर फॉन ब्राउन यांचं हे रॉकेट केंद्र पृथ्वीकक्षेतल्या जोडणीच्या बाजूचं होतं. दोन सॅटर्न लागणार म्हणजे कामही त्यांच्याकडेच जास्त. दिवसभर त्यांच्या माणसांनी सादरीकरणं केली आणि शेवटी फॉन ब्राउन उठले. चारही पर्याय (चौथा म्हणजे छोटं यान सॅटर्नवरून थेट पाठवणं) तांत्रिकदृष्ट्या शक्य आहेत, पुरेसा वेळ आणि पैसा मिळाला तर कुठलाही करता येईल, असं सांगून त्यांनी कौल दिला तो हूबोल्ट यांच्या वाटेला. त्यांची स्वतःचीच माणसं चकित झाली.

त्यांच्या कारणांत पहिलं होतं मुदतीचं: दशकाच्या आत काम फत्ते होण्याची खात्री या वाटेवर सर्वाधिक. मला जास्त रस आहे तो आणखी एका कारणात. या वाटेवर नासाच्या ह्यूस्टन केंद्राचं यान आणि हंट्सव्हिलचं रॉकेट यांच्यातली कामाची सीमारेषा सर्वांत स्वच्छ राहत होती. प्रत्येक बदलासाठी दोन केंद्रांना एकमेकांचं तोंड बघायला लागणार नव्हतं. हा मुद्दा कुठल्याच समीकरणात सापडणार नाही, पण हजारो माणसं वर्षानुवर्षं राबणार असतील तर तो इंजिनाच्या जोराइतकाच मोलाचा. निर्णय लवकर झाला नाही तर मुदत हातची जाईल, हेही त्यांनी बजावलं. त्या घडीला चर्चेचा आणखी एक महिना हाच सर्वांत महागडा पर्याय होता.

विरोध काही लगेच मावळला नाही. केनेडींचे विज्ञान सल्लागार जेरोम वीझनर सप्टेंबरमध्ये हंट्सव्हिललाच, राष्ट्राध्यक्षांच्या देखत, नासाच्या लोकांशी वाद घालत होते. निर्णय मात्र फिरला नाही.

दोन वाटांतली एकच निवडायला हवी असंही नसतं. इस्रोच्या चांद्रयान-४ च्या आराखड्यात दोन एलव्हीएम-३ रॉकेटांनी भाग वर नेऊन ते पृथ्वीकक्षेत जोडायचे आहेत, आणि चंद्रावरची माती घेऊन वर आलेल्या भागाची चंद्राच्या कक्षेत पुन्हा गाठ घालायची आहे. एकाच उड्डाणात एवढं वजन नेणारं रॉकेट इस्रोकडे आज नाही, आणि जोडणीचं तंत्र जानेवारी २०२५ मध्ये इस्रोच्याच स्पेडेक्स मोहिमेच्या दोन उपग्रहांवर जमलेलं आहे.