आखाजीचा व्हिडिओ कॉल का अडकतो?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येता आलं नाही म्हणून लेक पुण्याहून व्हिडिओ कॉल लावते, आणि इकडे धुळ्याच्या घरात नेमका तिचा चेहरा अडकतो. दोष रेंजला जातो. बऱ्याचदा खोट घरातच असते आणि थोडं लक्ष दिलं तर घरातच निघते.

आधी उन्हाचं बघू, कारण खान्देशात तेच सगळ्यात जास्त छळतं. आखाजी येते ऐन वैशाखात, जळगाव-भुसावळचा पारा तेव्हा 43-44 अंशांवर जातो. आयफोन वापरताना भोवतालची हवा 35 अंशांपर्यंतच असावी, असं ॲपल सांगते. बाकीच्या फोनांचीही उन्हात तीच गत. व्हिडिओ कॉलमध्ये कॅमेरा, स्क्रीन, प्रोसेसर (फोनचा मेंदू) आणि टॉवरशी किंवा वाय-फायशी बोलणारा रेडिओ एकदमच राबतात. फोन तापला की स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो, स्क्रीन मंद करतो, चार्जिंग थांबवतो. चित्र अडकतं ते त्यामुळे. म्हणून कॉल लावण्याआधी चार्जर काढा, मागचं कव्हर काढा आणि फोन पंख्याच्या वाऱ्यात टेकवून उभा करा. गार करायला फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, बाहेर काढल्यावर दव धरतं आणि पाणी आत जातं.

मग कूलर. त्याची घरघर एकसारखी असते, म्हणून ॲप ती ओळखून गाळतं; पण गाळताना आजीच्या हळू आवाजातले शब्दही कापले जातात. पलीकडच्यांना वाटतं, आजी अर्धंच बोलते. फोन तोंडापासून 1 मीटरवर असेल तर 25 सेंटिमीटरवर आणा. अंतर चौथाई झालं की माइकपर्यंत थेट पोचणारी आवाजाची ऊर्जा सुमारे 16 पट होते, कूलरची घरघर मात्र जवळपास तेवढीच राहते. माइक असलेला साधा वायरचा इअरफोन त्याहून बरा.

वाय-फाय असेल तर राउटर कूलरमागे किंवा लोखंडी कपाटाआड ठेवू नका. पत्रा रेडिओलहरी परतवून लावतो, टाकीतलं पाणी त्या शोषतं. धाब्याच्या घरात भिंती मातीच्या आणि जाड असतात. तिथे 5 गिगाहर्ट्झपेक्षा 2.4 गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा, वेग थोडा कमी पण भिंतीपलीकडे चांगलं पोचतं.

एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. शेजारच्या खोलीतला फोन त्याच वेळी लग्नाचे फोटो गूगल फोटोजवर चढवत असतो. घराबाहेर जाणारी वाट त्या फोटोंनी भरते, आपला आवाज रांगेत मागे उभा राहतो. आवाज पोचायला 150 मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला की संभाषणाची लय बिघडू लागते, दोघंही एकदमच बोलतात आणि एकदमच थांबतात. कॉलपुरता बॅकअप थांबवा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’खाली मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करता येतं आणि कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचाही पर्याय आहे. हे दोन्ही आजच करून ठेवा.

मोबाइल डेटावर ‘आम्हाला ती दिसते, तिला आम्ही दिसत नाही’ असंही होतं. 4जी फोनची प्रक्षेपणशक्ती जास्तीत जास्त 0.2 वॅटच्या आसपास, टॉवरची त्याच्या कितीतरी पट. टॉवरचं बोलणं आपल्यापर्यंत येतं, आपलं तिथवर जात नाही. खिडकीशी किंवा ओट्यावर या. तरी जमलं नाही तर कॅमेरा बंद करा: चित्राला सेकंदाला निदान काहीशे किलोबिट लागतात, नुसत्या आवाजाचं काम 20-40 किलोबिटांत भागतं. मायेच्या बोलण्याला तेवढे खूप झाले.

धडगाव-अक्कलकुव्याकडे डोंगराआड गाव असेल तर कॉलचा हट्ट सोडून व्हॉइस मेसेज पाठवा. तो फोनमध्ये थांबून राहतो आणि रेंज सापडली की निघतो. अहिराणी बोलणाऱ्या आजीला टाइप करायला लावण्यापेक्षा माइकचं बटण दाबून धरा आणि तिला मोकळेपणानं बोलू द्या. दिवसभर ग्रुपवर येणाऱ्या सुप्रभाताच्या चित्रांपेक्षा तिचं मिनिटभराचं बोलणं लेकीला जास्त हवं असतं.

भारनियमनात राउटर बंद पडतो, त्यासाठी छोटा डीसी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणारा बॅटरीचा डबा, मिळतो. घेण्याआधी राउटरच्या ॲडॉप्टरवरचा आकडा वाचा. व्होल्टेज तंतोतंत जुळायला हवं, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. 9 व्होल्टच्या राउटरला 12 व्होल्ट दिले तर तो जळू शकतो. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते. नाहीतर राउटरचा दिवा चालू आणि इंटरनेट गायब.