393 माणसं नेमकी राहतात कुठे?

2011च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला 393 माणसं राहतात. देशाचा आकडा होता 382. म्हणजे भारताचा जिल्हावार घनतेचा नकाशा रंगवला तर नाशिकच्या वाट्याला जवळपास देशाच्या सरासरीचाच रंग येतो. पण पंचवटीतल्या माणसाला किंवा सुरगाण्याच्या पाड्यावरच्या माणसाला हा 393 ओळखीचा वाटेल का? दोघांनाही नाही.

नाशिक महापालिकेच्या सुमारे 260 चौरस किलोमीटर हद्दीत तेव्हा जवळपास 15 लाख लोक होते, म्हणजे घनता साडेपाच हजारांच्या वर. मालेगाव शहरात आणखी पावणेपाच लाखांहून अधिक. ही दोन शहरं बाजूला काढली की उरलेल्या जिल्ह्याची घनता 270च्या आसपास उतरते. माणसं तीच, जमीन तीच. हद्द कुठे आखली यावर आकडा बदलला. कच्छमध्ये तर रणाची ओसाड जमीनही भागाकारात धरली जाते, म्हणून भूज शहरही 46 घनतेच्या फिक्या रंगात बुडून जातं.

मग गावपातळीवर उतरावं, देशात गावं सहा लाखांहून अधिक आहेतच. त्यानं चित्र खूप सुधारतं. तरीही गावाच्या क्षेत्रफळात गावठाणासोबत सगळं शिवार येतं, डोंगर येतो, कधी धरणाचं पाणीही येतं. निफाडकडे लोक मळ्यामळ्यांत विखुरलेले, तर काही गावांत सगळी वस्ती गावठाणातच; नकाशावर दोन्ही सारखीच दिसतात.

यावरचा उपाय जुना आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. जिथे कोणी राहतच नाही ती जमीन आधी वगळायची आणि मोजलेली माणसं उरलेल्या जागेत वाटायची. जॉन राईट या अमेरिकन भूगोलतज्ज्ञानं 1936 साली अमेरिकेतल्या केप कॉड या द्वीपकल्पाचा नकाशा असाच केला होता. आता हे काम उपग्रह करतात. इमारती, रस्ते, रात्रीचे दिवे पाहून 100 मीटरच्या चौकटीपर्यंत अंदाज बांधता येतो. पण नुसत्या दिव्यांवर भिस्त ठेवली तर सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत रात्रभर उजळलेली दिसते आणि अंधारातला पाडा निर्मनुष्य ठरतो. म्हणून चौकटींची बेरीज शेवटी जनगणनेच्या आकड्याशी जुळवून घ्यावी लागते. प्रगणकानं दारात जाऊन केलेल्या नोंदीला आजही पर्याय नाही.

रंगांचे टप्पे हाही कळीचा निर्णय. 2011 साली अरुणाचल प्रदेशाची घनता 17, बिहारची 1,100च्या पुढे आणि दिल्लीची 11,000हून जास्त. शून्य ते दिल्ली असे पाच समान टप्पे पाडले तर तेव्हाची सगळीच्या सगळी 28 राज्यं सर्वात फिक्या रंगात जातात. बिहार आणि अरुणाचल एकाच रंगाचे! त्यामुळे खाली अरुंद आणि वर रुंद होत जाणारे टप्पे घ्यावे लागतात. म्हणून घनतेचा कुठलाही नकाशा पाहताना आधी कोपऱ्यातली रंगसूची वाचावी.

राहिला काळाचा प्रश्न, आणि आपल्या जिल्ह्यात तोच सर्वात नाजूक आहे. 2011ची गणना 9 ते 28 फेब्रुवारीत झाली, म्हणजे द्राक्षांच्या ऐन हंगामात. पेठ-सुरगाण्याची कितीतरी कुटुंबं तेव्हा दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला असतात. नियम असा होता की या दिवसांत माणूस थोडा काळ जरी आपल्या घरी असला तर तो तिथेच मोजायचा. पूर्ण काळ बाहेर असला तर जिथे सापडेल तिथे. त्यामुळे सगळा महिना बागेवर काढणारं कुटुंब निफाडच्या रंगात मिसळतं आणि पाडा नकाशावर आणखी फिका होतो. पुढची गणनाही फेब्रुवारी 2027मध्येच आहे. पाड्यावरची शाळा आणि दवाखाना ठरवताना हा एकच नकाशा पुढे ठेवला जाऊ नये. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, सगळे घरी असताना, तिथे किती माणसं असतात तेही मोजायला हवं.