वणव्याचा हिशेब शून्य? छे!

‘जंगल जळालं तरी पुन्हा उगवतं, म्हणजे कार्बनचा हिशेब शून्य’, हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. कॅनडात २०२३ साली सुमारे दीड कोटी हेक्टर, म्हणजे जवळपास निम्म्या महाराष्ट्राएवढं रान जळालं. त्यातून सुटलेला कार्बन देशाच्या कोळसा-तेल-वायूच्या वार्षिक उत्सर्जनाच्या चौपट होता. तो परत शोषायला झाडांना कित्येक दशकं लागणार, आणि मधे पुन्हा वणवा लागला तर? शिवाय तिथे नुसती झाडं जळत नाहीत. शतकानुशतकं साचलेला पालापाचोळा, शेवाळ, पीटची (दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची) माती धुमसते, कधी हिवाळाभर बर्फाखालीसुद्धा. गंमत म्हणजे, सरकारी हरितगृह वायूंच्या मुख्य बेरजेत हे वणवे ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणून धरलेच जात नाहीत. हवेला मात्र अशी वजावट ठाऊक नाही.